उजव्या पारड्यातले टोपण

मित्रांनो, मी एक जुना औषधी तराजू आहे, आणि स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. कोणी शेजारून चालत गेले तरी माझी पारडी हलतात. खिडकी किलकिली राहिली की काटा डावीकडे जातो, उजवीकडे येतो, पुन्हा डावीकडे. समोरच्याने श्वास सोडला तरी मला तो कळतो. तराजू म्हटले की लोकांना समतोल आठवतो. पण समतोल माझ्या वाट्याला क्षणभर येतो. बाकी सगळा वेळ धाकधूक.

माझी दांडी पितळेची आहे. तिच्या मध्यावर खालच्या बाजूला अकीक दगडाची बारीक धार आहे आणि त्या धारेवर मी सगळा तोललेला असतो. धार बोथट झाली की तराजू संपला. म्हणून माझ्या पायाशी एक कळ बसवली आहे. काम झाले की ती फिरवायची. मग दांडी किंचित उचलली जाते, धारेवरचा भार सुटतो आणि मला विसावा मिळतो. मला घडवणारा कारागीर माणूस अबोल होता. पण काचेच्या पेटीत घालून मला विकताना त्याने गिऱ्हाइकाला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पारड्यात काही ठेवून जाऊ नका. आणि कळ लावल्याशिवाय उठू नका.

असा मी द्रावा नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांखाली वसलेल्या एका लहान गावात आलो. चौकातल्या औषधाच्या दुकानात, गल्ल्याच्या उजव्या हाताला मला जागा मिळाली. मालक बदलले, झेंडे बदलले, दुकान सरकारचे झाले. मी तिथेच होतो. माझी सर्वांत चांगली वर्षे विंकोच्या हाताखाली गेली. विंको उंच होता, थोडा वाकून चालायचा, आणि वजन करताना श्वास रोखून धरायचा. तान्ह्या मुलांच्या पुड्या, म्हाताऱ्यांच्या हृदयाची औषधे, शरद ऋतूत मळेवाल्यांसाठी पिंपात धुरी द्यायचा गंधक, सगळे माझ्या पारड्यांतून गेले. तपासणीला येणारे साहेब मला पाहून म्हणत, "असा तराजू राजधानीतसुद्धा नाही हो!" ते गेले की विंको मऊ ब्रशने माझी पारडी झाडून ठेवी. तो तपासणीनंतर मला झाडतो आहे की त्यांच्या शब्दांची धूळ काढतो आहे, हे मला कधी कळले नाही.

विंकोची एक पद्धत होती. एका पारड्यात तो एखादी ठरलेली वस्तू धडा म्हणून ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात एकामागून एक पदार्थ घालून त्या धड्याशी ताडून बघे. धड्याचे स्वतःचे वजन किती, हे बघायची गरज नसते. तो फक्त हलता कामा नये. त्याच्याकडे कोणी बघत नाही. बघायचे ते दुसऱ्या पारड्याकडे.

विंकोची बायको ओटीलिया शिवणकाम करायची. वरच्या मजल्यावरून तिच्या यंत्राचा आवाज यायचा आणि माझी पारडी त्या तालावर थरथरायची. दोघांना दोन मुली होत्या. थोरली हेर्मिना बोलकी आणि फटकळ. धाकटी ब्रेदा नुसती बघत राहणारी. एका वसंतात ओटीलिया सीमेपलीकडे हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला गेली आणि परत आली नाही. कोणी म्हणे, ती एकटीच गेली. कोणी म्हणे, एकटी नाही. यंत्राचा आवाज थांबला. विंको माझ्यावर पूर्वीसारखीच अचूक वजने करत राहिला आणि घरात तिचे नाव निघेनासे झाले.

आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगू शकलो नाही. सांगणार कसे? मला तोंड नाही.

काही वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी, दुकानाच्या दाराची घंटा वाजली. निळी टोपी घातलेली एक बाई आत आली. दुकानात दुसरे कोणी नव्हते. "लिंडनची फुलं द्या थोडी," ती म्हणाली. विंकोने बरणी काढली. काढ्यासाठी वाळवलेली लिंडनच्या झाडाची फुले फार हलकी असतात, हात स्थिर नसेल तर ती पारड्याबाहेर सांडतात. त्या दिवशी ती सांडली.

"मुली?" तिने विचारले.

"शाळेत," विंको म्हणाला.

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने हातमोजा काढला, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी टोपण काढले आणि माझ्या उजव्या पारड्यात ठेवले. फुलांची पुडी न घेताच ती निघून गेली. घंटा वाजली. विंको जागचा हलला नाही. त्याने मला कळ लावली नाही. माझ्या आठवणीत तो कळ लावायला विसरला असा हा एकच दिवस. संध्याकाळी त्याने ते टोपण उचलले. वजनांच्या लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत पितळी वजने असायची. त्यांतले एक पूर्वीच हरवले होते. त्या रिकाम्या खाचेत त्याने टोपण बसवले. ते नेमके बसले.

मित्रांनो, पुढे विजेवर चालणारी वजनयंत्रे आली. ती हलत नाहीत, त्यांना श्वास कळत नाही. त्यांच्यावर नुसते आकडे उमटतात. विंको वारला. ब्रेदा शिकून त्याच गल्ल्यामागे उभी राहिली. मी मात्र वरच्या मजल्यावर, कोठीच्या फळीवर, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे गेलो. तिथे मी किती वर्षे होतो हे विचारू नका. धूळ बसली की तराजूला वाटते, हेही कोणीतरी घातलेले वजनच आहे. आता कोणीतरी ते वाचील. पण कोणी येत नाही.

मला तिथून बाहेर काढले ते कादंबरीने.

गावातल्या वाचनालयाची दारिंका ही गोल चेहऱ्याची, मोठ्या आवाजाची बाई. तिने एक उपक्रम सुरू केला होता. नोव्हेंबर महिन्यात ज्याला हौस असेल त्याने एक अख्खी कादंबरी लिहायची. चांगली नाही लिहिली तरी चालेल, पण पुरी करायची. ब्रेदाने मागच्या दोन नोव्हेंबरांत सुरुवात केली होती आणि दोन्ही वेळा अर्ध्यात गोष्ट बदलली होती. बदललेली गोष्टही पुरी झाली नाही. या वर्षी दारिंकाने नियमच केला. आमच्या भागात संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत, द्राक्षांचा रस पिंपात खदखदत असतो, आणि त्या दिवशी त्याला वाइन म्हणायला लागतात. दारिंका वर कॉफी प्यायला आली आणि बोट नाचवत म्हणाली, "हे बघ ब्रेदा, मार्टिनपर्यंत सगळा रस. हवा तेवढा ढवळ. मार्टिनच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, मी हीच गोष्ट लिहितेय. त्यानंतर बदललीस तर तुझं कार्ड रद्द."

"वाचनालयाचं?"

"वाचनालयाचं, आणि माझ्या घरच्या केकचंसुद्धा."

ब्रेदा हसली, पण तिचे हात हसत नव्हते. ते कपाची बशी फिरवत होते. नव्या वर्षात ती दुकान सोडणार होती. उरलेल्या आयुष्यात लिहायचे, असे तिने ठरवले होते. आणि एक गोष्टही जिला पुरी करता येत नाही तिने उरलेले आयुष्य कशावर काढायचे, हा प्रश्न तिला झोपेतून उठवत असावा, कारण सकाळी तिचे डोळे लाल असत.

दुसऱ्याच दिवशी तिने मला मुरंब्यामागून काढले, पुसले आणि खिडकीजवळच्या लिहायच्या टेबलावर ठेवले. ती रसायनशास्त्र शिकलेली बाई. गोष्टी तराजूत घालून निवडायच्या नसतात हे तिला कळत नव्हते असे नाही. पण मन एका जागी राहत नसले की माणूस हाताला ओळखीचे काम देतो. तिने तीन वस्तू जमवल्या. बुचाची एक चकती: पिंपांच्या तळघरातल्या खुनाची गोष्ट. शर्टाचे एक बटण: सीमेवरचा शिपाई आणि पलीकडच्या गावातली मुलगी. गोगलगाईचा एक शंख: द्रावा आटून गेल्यानंतरच्या काळातली गोष्ट. एकेक वस्तू ती माझ्या डाव्या पारड्यात ठेवी, आणि त्या गोष्टीतले जे काही तिला स्पष्ट दिसे त्यासाठी शिशाचा एक बारीक छर्रा टाकी. एक माणूस दिसला, एक छर्रा. शेवट दिसला, आणखी एक. ताडून बघायला उजव्या पारड्यात धडा हवा होता. तिने वजनांची पेटी उघडली. नेहमीच्या त्या खाचेतले टोपण तिने न बघताच उचलले आणि उजवीकडे ठेवले.

माझा काटा असा काही हेलकावला की तिने खिडकी नीट लागली आहे का ते पाहिले.

बूच घातले. तळघराचा वास, एक छर्रा. मेलेल्या माणसाचे चिखलाने भरलेले बूट, एक छर्रा. मग ती थांबली. खून कोणी केला याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते. पारडे वरच राहिले. बटण घातले. शिपायाचे कान दिसले, मुलीचा स्वयंपाकघरातला आवाज ऐकू आला, आणि पुढे दोघे नुसते कुंपणाशी उभे. पारडे वरच. शंख घातला. कोरड्या नदीपात्रातला पांढरा चिखल तिला इतका छान दिसला की तिने चार-पाच छर्रे एकदम टाकले. माणूस मात्र एकही दिसेना. पारडे तरीही वरच. तिने सगळे रिकामे केले आणि पुन्हा बुचापासून सुरुवात केली.

उजव्या पारड्यात टोपण तसेच होते. मला कळ लावायचे तिला सुचत नव्हते. विंकोची मुलगी, आणि कळ लावत नव्हती! माझ्या धारेवर दिवसभर भार पडून राहिला. खाली तळघरात शेजारच्या लोइझेने आपल्या मळ्यातल्या रसाचे एक लहान पिंप तिच्यासाठी ठेवले होते. ते बुडबुडत होते, आणि तो बुडबुड जिना चढून टेबलाच्या पायांतून माझ्यापर्यंत येत होता. त्या दिवसांत त्या घरात काहीच स्थिर नव्हते.

लोइझे पिंप बघायला आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "मागिस्त्रा, ऐकलं, तुम्ही माझ्या तळघरात खून पाडताय म्हणे." आमच्याकडे औषधाच्या दुकानातल्या शिकलेल्या बाईला मागिस्त्रा म्हणतात.

"अजून ठरलं नाही, लोइझे."

"खुनी मला करू नका हं. वाटलं तर मला मारून टाका. पण वाइन बाटल्यांत भरून झाल्यावर. त्याआधी मेलो तर बायको उठवून कामाला लावील."

ब्रेदाने त्याच्या नावाने एक छर्रा टाकला. पारडे जेमतेम हलले.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. बाई, तू डावीकडे काय बघतेस? जे हलत नाही ते उजवीकडे आहे! पण तराजूला एवढेच करता येते, झुकता येते. मी झुकून दाखवत होतो. मी दिवसभर उजवीकडेच झुकलेला होतो.

मार्टिनचा दिवस आला. वाचनालयात सगळे संध्याकाळी जमणार होते. दुपारी मारिबोर शहरातून हेर्मिना आली. हातात त्या सणाला करतात त्या भाजलेल्या हंसाचे भांडे, मागे लाल कोबीचा वास. ती आता म्हातारी झाली होती, पण जिना चढताना बोलायची सवय गेली नव्हती.

"काय गं, ठरली का तुझी कादंबरी? की या वर्षी पण नुसती पेन्सिलींना टोकं?"

"तीन आहेत. ठरत नाही."

"तीन असल्या म्हणजे एकही नाही. आणि ऐक, घरातलं काही चव्हाट्यावर आणायचं नाही, हे तुला आधीच सांगितलंय. मागच्या वर्षी तुझ्या त्या शिपायाच्या आईला बाबांचा कोट घातला होतास. मला कळलं नाही असं वाटलं तुला?"

"कोट होता, हेर्मी. कोटाला काय होतंय?"

"कोटापासूनच सुरू होतं सगळं." हेर्मिनाने भांडे टेबलावर ठेवले आणि ते ठेवताना तिची नजर माझ्यावर गेली. "हा म्हातारा अजून जिवंत आहे होय? आणि हे काय मांडलंयस? बूच, बटण, शंख. या तुझ्या तीन गोष्टी, असंच ना? मग ही चौथी कुठली?"

"चौथी?"

"उजवीकडची."

"ती गोष्ट नाही. तो धडा आहे," ब्रेदा म्हणाली. "बाकीच्या ताडून बघायला. नेहमीचंच आहे, पेटीतलं."

हेर्मिनाने काचेच्या पेटीचे दार वर केले. थंड हवा आत आली आणि मी डोललो. तिने टोपण दोन बोटांत धरून उजेडाकडे नेले. त्याच्या कडेला एक चीर होती. एकदा यंत्राच्या सुईखाली सापडून पडलेली.

"हे आईचं आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. ती विसरून गेली असेल."

"विसरून गेली नाही." हेर्मिनाचा आवाज एकदम लहान झाला. "शिवणाची सगळी पेटी तिनं नेली. मी दारात उभी होते. तिनं मला जवळ घेतलं तेव्हा हे तिच्या बोटात होतं. इथं टोचलं मला, कानाच्या मागं. हे तिच्याबरोबर गेलं, ब्रेदा. मी सांगते ना. हे या घरात असूच शकत नाही."

खाली पिंप बुडबुडत होते. ब्रेदाने वजनांची पेटी पुढे ओढली आणि ती रिकामी खाच पाहिली. लहानपणापासून ते टोपण तिने त्या खाचेत पाहिले होते आणि आईचे आहे हे ठाऊक असूनही इतर वजनांसारखेच एक वजन मानले होते. आता तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. विंको चुकलेले वजन पुन्हा तपासताना असाच दिसायचा.

"ही पेटी दुकानात असायची," ती सावकाश म्हणाली. "बाबांशिवाय तिला कोणी हात लावत नसे. म्हणजे त्यांनीच हे इथं ठेवलं. म्हणजे त्यांना ते मिळालं. ती गेल्यानंतर."

"म्हणजे ती आली होती," हेर्मिना म्हणाली आणि खुर्चीत बसली. "आली होती, आणि आपण कुठं होतो?"

शाळेत! शाळेत होतात गं! माझी दोन्ही पारडी एकमेकांना आपटतील इतकी हलली. दोघींनाही वाटले, टेबलाला धक्का लागला.

हंस गार झाला. पुष्कळ वेळाने हेर्मिनाने टोपण परत उजव्या पारड्यात ठेवले. नाक पुसले आणि नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाली, "तुझी ती बुचं-बटणं उचल तिथून. किती दिवस त्यांना आईसमोर उभं करतेयस? लाज वाटत असेल त्यांना."

"तू म्हणालीस, घरातलं नको."

"म्हणाले होते. पण बाहेरच्यांना वाचायला देण्याआधी मला वाचून दाखव. सगळं. एक ओळ गाळायची नाही. आणि मला त्यात लठ्ठ करू नकोस."

त्या संध्याकाळी वाचनालयात ब्रेदाने काय सांगितले ते मी ऐकले नाही. मी टेबलावर होतो. पण परतताना दारिंकाचा मोठा आवाज चौकातून वर आला. "आता वाइन झाली हं! आता ढवळायचं नाही!"

ब्रेदा लिहू लागली. सकाळी दुकान उघडण्याआधी आणि दुपारी ते बंद असताना. ती अडखळे, खोडे, उठून खिडकीशी जाई. पण गोष्ट बदलत नव्हती. मी मात्र पूर्वीहून जास्त बेचैन होतो. जे घडले ते एकट्या मला ठाऊक होते, आणि ती ते चुकीचे लिहील अशी मला धास्ती होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी हेर्मिना आली आणि ब्रेदाने तिला वाचून दाखवले. धुके होते. दाराची घंटा वाजली. बाई आत आली. ब्रेदाच्या कादंबरीत तिने कॅमोमाईलची फुले मागितली. ती फुले सांडली. बाईने विचारले, मुली? माणूस म्हणाला, शाळेत. तिने बोटातले टोपण काढून तराजूत ठेवले आणि ती गेली. आणि आयुष्यभर नियमाने वागलेला तो माणूस त्या दिवशी तराजूला कळ लावायला विसरला.

मित्रांनो, ती तिथे नव्हती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्याकडे एक टोपण होते, एक रिकामी खाच होती, आणि वडिलांचा स्वभाव होता. तेवढ्यावरून ती त्या सकाळपर्यंत चालत गेली होती. मी काचेच्या पेटीत अगदी निश्चल उभा राहिलो. मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदाच.

हेर्मिना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. ब्रेदाने कागद खाली ठेवले. तिचे बोट कागदाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होते. आईबद्दलचे दोघींचे आयुष्यभराचे मौन मोडून तिने ही पाने लिहिली होती, आणि बहिणीने आता उठून कोट घातला असता तर तिला ती पाने पुन्हा उचलता आली नसती.

"कॅमोमाईल नाही," हेर्मिना म्हणाली.

"काय?"

"कॅमोमाईलचा वाससुद्धा आईला सहन व्हायचा नाही. ती लिंडन प्यायची. हिवाळाभर. ते बदल." मग तिने टेबलावरची बशी पुढे ओढली. "बाकी बरोबर आहे. वाच पुढं."

ब्रेदाने पेन्सिल घेतली आणि तो एक शब्द बदलला. मग तिने माझ्या पेटीचे दार वर केले, उजव्या पारड्यातले टोपण उचलले आणि हेर्मिनाच्या तळहातावर ठेवले. हेर्मिनाने ते बोटात घालून पाहिले. सांध्याशीच अडकले. ती हसली, डोळे पुसले, आणि ते तसेच अर्धवट बोटात ठेवून ऐकायला बसली.

माझी पारडी रिकामी होती. काटा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि मध्ये थांबला. ब्रेदाने वाकून तो पाहिला. मग तिने वडिलांसारखा श्वास रोखला आणि माझी कळ फिरवली. धारेवरचा भार सुटला.

मित्रांनो, तुमच्या घरी कदाचित माझ्यासारखा तराजू नसेल. असला तर त्याला मऊ ब्रशने झाडा, वाऱ्यापासून जपा, आणि पारड्यात काही ठेवून जाऊ नका. विंकोने त्या संध्याकाळी टोपण उचलले खरे, पण पुढची सगळी वर्षे ते वजनांच्या पेटीत माझ्याशेजारी राहिले, आणि त्याचा भार मी वाहत होतो, त्या दोघी मुली वाहत होत्या. भार तोलून घ्यावा, मग उचलावा आणि ज्याचा आहे त्याच्या हातात द्यावा. तेवढे करून कळ लावा. पितळेच्या दांडीलाही विसावा लागतो.